घाटात 'ट्रान्समिशन हॉट' आलं, म्हणजे गिअरबॉक्स गेला का?

तुमचं म्हणणं असं की गणपती आटपून देवगडहून परत निघालात, फोंडा घाटात गाड्यांची रांग लागलेली, टर्बो पेट्रोल गाडी, सात गिअरची डीसीटी म्हणजे दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आत पाच माणसं, डिकी फुल्ल, वर कॅरिअरवर तांदूळ आणि नारळ, आणि अर्ध्या घाटात मीटरवर 'ट्रान्समिशन हॉट, पार्क विथ इंजिन ऑन' असं आलं, बीप बीप सुरू झालं, तुम्ही घाबरून गाडी कडेला घेतली आणि इंजिनच बंद केलं, अर्धा तास बॉनेट उघडं टाकून बसलात, मग चालू केली तर काही झालंच नाही अशी गाडी थेट ठाण्यापर्यंत गेली. आता सर्व्हिस सेंटरवाले सांगतायत क्लच सेट बदला, वॉरंटीत बसत नाही, आणि तुम्हाला दिवाळीत परत गावी यायचंय.

गिअरबॉक्स गेला का, तर नाही हो, एकदा दिवा लागून गेला म्हणून डीसीटी जात नाही. दिवाळीला गाडी बिनधास्त आणा. पण क्लच सेटला हो म्हणायच्या आधी शेवटी लिहिलीयत ती रीडिंग त्यांच्याकडून मागून घ्या, आणि त्या रांगेत तुमचा पाय नक्की काय करत होता तेही आठवा, कारण आमचं गॅरेज घाटाच्या खालच्या अंगाला आहे, हा दिवा घेऊन ज्या गाड्या येतात त्यातल्या बऱ्याचशांत बिघाड नसतोच, सगळी उष्णता पायाने तयार केलेली असते.

आधी दिवा ओळखा. लाटांमध्ये बुडालेला थर्मामीटर हा इंजिनच्या कूलंटचा म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा दिवा, त्याचा इथे संबंध नाही, पण घाबरलेला माणूस रेडिएटरमध्ये पाणी ओतत बसतो आणि गरम झाकण उघडून हात भाजून घेतो ते वेगळंच. गिअरबॉक्सचा दिवा म्हणजे दातेरी चाकाचं चित्र, आत थर्मामीटर नाहीतर उद्गारचिन्ह, जुन्या टोयोटात सरळ 'ए/टी ऑइल टेम्प' असं लिहिलेलं, आणि नव्या गाड्यांत स्क्रीनवर पूर्ण वाक्य येतं. होंडाच्या सीव्हीटीत, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या, बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, डी ब्लिंक व्हायला लागला तर तो तापमानाचा इशारा समजू नका, तो सिस्टिममध्ये फॉल्ट असल्याचा आहे, तिथे स्कॅनर लावल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही. हा फरक लोक करत नाहीत. तापमानाचा दिवा थंड झालं की आपोआप जातो, फॉल्टचा दिवा थंड होऊनही तसाच राहतो किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीतसुद्धा परत येतो. तुमचा आपोआप गेला, म्हणून मी इतका निवांत आहे.

पण 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली चार वेगवेगळी यंत्रं रस्त्यावर फिरतायत आणि चौघांचं तापण्याचं कारण वेगळं, इलाजही वेगळा. दुसऱ्या कोणी इनोव्हामध्ये जे केलं ते तुमच्या गाडीला लागू पडेलच असं नाही. ह्युंदाई कियाची सात गिअरची डीसीटी, फोक्सवॅगन स्कोडाची दीड लिटर इंजिनला येते ती डीएसजी (डीसीटीचंच त्यांचं नाव), यांत क्लच कोरडा असतो, म्हणजे आत दोन क्लच प्लेटा आहेत आणि त्यांच्या भोवती तेल नाही, फक्त हवा. टाटाची डीसीए मात्र ओल्या क्लचची, तिथे तेल उष्णता उचलून नेतं. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, एक्सयूव्ही ७००, २०२२ नंतरची ब्रेझा आणि अर्टिगा यांत टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद क्लचऐवजी तेलातून पुढे देणारं यंत्र, स्लाव्हिया व्हर्टसच्या एक लिटरवालीतही तोच. सिटी, मॅग्नाइट टर्बो वगैरेंत सीव्हीटी. आणि वॅगनार, स्विफ्ट, इग्निस यांची एजीएस म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला माणसाच्या पायाऐवजी मोटर आणि पंप. तुमची पहिल्या जातीची, कोरड्या क्लचची, आणि घाटातल्या रांगेत सगळ्यात लवकर हीच कुरकुरते.

का ते नीट सांगतो, कारण हे एकदा कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. ब्रेक सोडला की तुमची गाडी हळूच पुढे सरकते ना, ते सरकणं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलावर होतं आणि तुमच्यात हाफ क्लचवर होतं, म्हणजे मॅन्युअल गाडीत आपण अर्धा क्लच धरून गाडी रांगवतो तेच काम कॉम्प्युटर करतो, तुम्हाला कळत नाही एवढंच. पहिल्या गिअरात इंजिन अगदी हजार आरपीएमवर फिरत असलं तरी गाडीचा वेग साधारण सात आठ किलोमीटर होतो, त्याच्या खाली क्लच पूर्ण बसूच शकत नाही, बसला तर इंजिन बंद पडेल. म्हणजे रांगेत तीन चार किलोमीटरच्या वेगाने तुम्ही जेवढा वेळ सरकत होतात तेवढा सगळा वेळ क्लच घासत होता. त्यात चढ. त्यात ओझं.

आणि त्याहून वाईट म्हणजे चढावर थांबताना ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणं. पुढची गाडी आता हलेल मग हलेल म्हणून माणूस पाय हलकासा दाबून गाडी जागेवर तोलतो, ब्रेक लावतच नाही. मोटामोटी हिशेब करून बघा, सोळाशे किलोची भरलेली गाडी, दहा टक्क्यांचा चढ, म्हणजे शंभर मीटरला दहा मीटर, आणि बाराशे आरपीएम, तर क्लचवर जवळपास चार किलोवॉट उष्णता तयार होते, बाथरूममधले दोन किलोवॉटचे दोन गीझर एकाच वेळी चालू करून ते ताटाएवढ्या प्लेटांवर सोडल्यासारखं. गाडी एक इंचही पुढे गेलेली नाही, सगळी ताकद उष्णतेत. आणि ती उष्णता काढायला तिथे काय आहे, तर बेल हाउसिंगमधली, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचातली थोडीशी हवा. रेडिएटरचा पंखा कितीही जोरात फिरला तरी त्या क्लचला त्याचा उपयोग नाही, आणि गाडी चालत नाही म्हणजे खालून वाराही नाही.

बऱ्याच कोरड्या डीसीटीत त्या क्लचचं तापमान थेट मोजणारा सेन्सरच नसतो. कंट्रोलर हिशेब करतो, किती टॉर्क होता, किती आरपीएमचा फरक होता, किती वेळ घासला, बाहेर किती गरम आहे, त्यावरून अंदाजे तापमान काढतो आणि ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की मेसेज टाकतो. म्हणून कधीकधी बॉनेटमधून वास नाही धूर नाही तरी मेसेज येतो, लोक म्हणतात सेन्सर खोटं बोलतोय. तसं नाहीये, प्लेटचा वरचा थर तापलेला असतो, बाहेरच्या कवचापर्यंत ती उष्णता यायला वेळ लागतो.

इशारा शक्यतो एका दमात येत नाही. आधी गिअर जरा दणके देत पडतात, काही गाड्या क्लच गरम झाला की थरथर करतात, तो मुद्दामच दिलेला इशारा असतो, मग 'टेम्परेचर हाय' असा मेसेज, आणि तरीही तुम्ही रेटत राहिलात तर शेवटी 'हॉट' आणि क्लच सुटून गाडी ओढायचीच थांबते, ॲक्सिलरेटर दाबला तरी नुसता आवाज. चढावर हे झालं तर गाडी मागे येऊ शकते, त्यामुळे पहिल्या मेसेजलाच जागा शोधायची, शेवटच्याची वाट बघायची नाही. तुम्हाला नशिबाने कडेला जागा मिळाली, फोंड्यात आणि गगनबावड्याच्या करूळ घाटात कित्येक वळणांवर ती मिळत नाही.

आता इंजिन चालू ठेवायचं की बंद करायचं, यावरून लोक भांडतात, आणि भांडण मिटत नाही कारण दोघंही आपापल्या गाडीपुरते बरोबर असतात. ह्युंदाई कियाचं पुस्तक सांगतं की गाडी सुरक्षित जागी उभी करा, ब्रेक, हँडब्रेक, पी मध्ये टाका आणि इंजिन चालू ठेवा, 'ट्रान्स कूल्ड, रिझ्यूम ड्रायव्हिंग' असा मेसेज येईपर्यंत. तुमच्या स्क्रीनवर तर 'विथ इंजिन ऑन' स्पष्ट लिहून आलं होतं. इंजिन फिरत असलं की बेल हाउसिंगमधली हवा हलत राहते, एका जागी कोंडून राहत नाही. स्कोडाच्या काही मॉडेलच्या पुस्तकात मात्र 'स्टॉप' वाला मेसेज आला तर इंजिन बंद करा आणि दिवा जाईपर्यंत थांबा असं दिलंय. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीत इंजिन चालू ठेवणंच शहाणपणाचं, कारण त्यांचा तेलाचा पंप इंजिनवर फिरतो, इंजिन बंद म्हणजे पंप बंद, म्हणजे गरम तेल आहे तिथेच बसतं आणि कूलरकडे जातच नाही. अपवाद एकच, कूलंटचा दिवासुद्धा लागलाय किंवा बॉनेटमधून वाफ येतेय, तेव्हा आधी इंजिन बंद करा, तिथे इंजिन वाचवणं पहिलं. म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यातलं ते जाड पुस्तक काढून तेवढं एक पान आधीच वाचून ठेवा, घाटात रेंज नसते. तुम्ही बंद केलंत त्याने काही मोडलं नाही, थोडं सावकाश थंड झालं इतकंच. आणि गरम गिअरबॉक्सवर पाणी मारू नका, कोणी कितीही सांगो, गरम ॲल्युमिनियमच्या कवचावर गार पाणी पडणं चांगलं नाही.

रांगेत चालवायचं कसं. पुढच्या गाडीला चिकटायचं सोडा, हे पहिलं. पंधरा वीस मीटर मोकळे होऊ देत, मागचा हॉर्न मारेल, मारू दे, मग पूर्ण ब्रेक सोडून दहा बाराच्या वेगाने एका दमात जा आणि परत पूर्ण थांबा. थांबलात की ब्रेक घट्ट दाबा, अर्धवट नको, ब्रेक नीट दाबला की कंट्रोलर क्लच पूर्ण सोडतो आणि घासणं थांबतं. ऑटो होल्ड म्हणजे थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारं बटण असेल तर ते वापरा, चढावर निघताना गाडी मागे येऊ न देणाऱ्या हिल होल्डच्या भरवशावर राहू नका, ते दोन तीन सेकंदच धरतं. मॅन्युअल मोडमध्ये टाकून पहिला गिअर पक्का ठेवा, नाहीतर गाडी मायलेजच्या नादात लगेच दुसरा टाकते आणि दुसऱ्यात तेवढ्याच वेगाला क्लच आणखी घासतो. एजीएस आणि तिच्यासारख्या, मोटरने क्लच दाबणाऱ्या बाकीच्या एएमटीवाल्यांनाही हेच सगळं लागू, फक्त त्यातल्या बऱ्याच गाड्यांत तापमानाचा वेगळा दिवा नसतो, बझर वाजतो किंवा गिअरचा आकडा ब्लिंक होतो, आणि सगळ्यात आधी जळका वास येतो. टॉर्क कन्व्हर्टरवाले म्हणतील आमच्यात क्लचच नाही, पण त्यांच्यातही हळू चढताना कन्व्हर्टर लॉक होत नाही आणि आतलं तेल घुसळून तापतं, त्यामुळे खालचा गिअर धरून आरपीएम थोडे वर ठेवणं त्यांनाही फायद्याचंच. आंबोलीला ट्रकच्या मागे मागे सहाव्या गिअरच्या आशेवर डी मध्ये रेंगाळत जाणाऱ्यांपेक्षा तिसरा धरून जाणाऱ्याचा गिअरबॉक्स गार राहतो, हे स्कॅनर लावून कुणीही बघावं.

कोकणात आणखी दोन जागा आहेत जिथे हा दिवा लागतो आणि लोकांना आश्चर्य वाटतं, अहो घाट तर नव्हता. एक म्हणजे फेरीबोटीचा रॅम्प. दाभोळ-धोपावे असो की जयगड-तवसाळ, धक्क्याच्या उतारावर गाडी इंच इंच पुढे मागे करायची, त्यात रिव्हर्स, त्यात बोटीवरचा पोरगा हात करतोय अजून थोडी अजून थोडी, हे सगळं हाफ क्लचवर. दुसरी म्हणजे पुळण. मुंबई पुण्याहून आलेली गाडी व्हिडिओ काढायला वाळूत उतरवतात, रुतते, मग डी आर डी आर करून झोके देत राहतात, चाकं जागच्या जागी फिरतात आणि पाच मिनिटांत दिवा लागतो. वाळूत गाडीला खूप टॉर्क लागतो आणि वेग शून्य, गिअरबॉक्ससाठी याहून वाईट काही नाही. रुतलात तर ॲक्सिलरेटर सोडा, माणसं उतरवा, चाकापुढची वाळू हाताने काढा, टायरमधली हवा कमी करा, आणि कोणाच्या तरी फोर बाय फोरला हाक मारा. भरती कधी आहे तेही विचारून घ्या.

पण सगळं पायावर ढकलून चालणार नाही. सपाट रस्त्यावर, सकाळच्या गारव्यात, रिकाम्या गाडीत दिवा लागला तर तो पाय नाही, तिथे काहीतरी बिघडलंय. आणि समुद्राकाठी जे बिघडतं ते बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या बाहेरच असतं. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीचं तेल थंड करायला पुढे छोटा कूलर असतो किंवा रेडिएटरच्याच टाकीत एक नळी असते. आमच्याकडची लाल माती, चिरेखाणीच्या रस्त्यावरची जांभ्याची धूळ, ती पावसात चिकटते आणि उन्हात वाळून बसते, कूलरच्या जाळ्या अशा भरतात की टॉर्च मारला तर पलीकडे उजेड दिसत नाही. त्यात खारा वारा, ॲल्युमिनियमच्या पाकळ्या पांढऱ्या पडून बोटाने भुगा होतात, कूलरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्या क्लिपच्या जागी गंजून झिरपतात, तेल थेंब थेंब जातं, लेव्हल कमी होते आणि उरलेलं तेल जास्त तापतं. पावसाळा संपला की बंपरच्या मागून हलक्या प्रेशरने जाळी धुऊन घ्या, जोराचं प्रेशर मारलं की पाकळ्या दुमडतात आणि आधीपेक्षा वाईट होतं. तुमच्या कोरड्या डीसीटीत हा तेलाच्या कूलरचा भाग येत नाही, पण घरात दुसरी गाडी असेल तर तिचा बघा.

रेडिएटरमधली ती नळी आतून फुटली तर कूलंट तेलात जातं आणि तेल गुलाबी दुधासारखं दिसायला लागतं. ते दिसलं की गाडी तिथेच उभी करायची. कूलंटमधलं ग्लायकॉल क्लच प्लेटांवरचा थर ज्या गोंदाने चिकटवलेला असतो तो सोडवतं, दोनशे किलोमीटर चालवून मग या असं करायला वाव नाही. तेल दुधाळ व्हायचं दुसरं कारण म्हणजे पाण्यातून गाडी घालणं, गिअरबॉक्सला वर एक ब्रीदर म्हणजे हवा जायची वाट असते, गरम गिअरबॉक्स एकदम पाण्यात गार झाला की तिथून पाणी आत ओढलं जातं. जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला तेव्हा कित्येक गाड्या बुडाल्या, अशा बुडालेल्या गाड्या धुऊन पुसून सेकंडहँड बाजारात फिरतात, त्यामुळे ऑटोमॅटिक जुनी घेताना गिअर ऑइलचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाकून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

अजून एक, आणि हे शहरातल्या मेकॅनिकच्या लक्षात येत नाही. गाडी गावच्या घरी अंगणात हँडब्रेक लावून आठवडाभर पावसात उभी राहते, खारी हवा, मागचा ब्रेक गंजून थोडासा धरून राहतो. चालवताना कळत नाही, पण गाडी ब्रेक लावूनच घाट चढत असते, आणि दिवा लागतो गिअरबॉक्सचा. तुमची गाडी गणपतीत किती दिवस उभी होती? चार पाच किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून चालवा, थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका, नुसता जवळ न्या, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागलं तर दोषी तिथे सापडला. गावी उभी करताना सपाट जागा असेल तर पी मध्ये ठेवा, चाकाला चिऱ्याचा तुकडा लावा आणि हँडब्रेक सोडून द्या.

तेलाबद्दल दोन शब्द, कारण विचारणार तुम्ही. 'लाइफटाइम ऑइल, बदलायचं नाही' असं सांगतात, पण झेडएफसारखी स्वतः गिअरबॉक्स बनवणारी कंपनी आपल्या ऑटोमॅटिकचं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदला असं सांगते, आणि आमच्या घाटांत चालणाऱ्या गाड्यांना मी त्याहून लवकर बदला म्हणतो. टॉर्क कन्व्हर्टरचं तेल ८० ते १०० डिग्रीला खूश असतं, १२० च्या वर सतत राहिलं की त्याचं आयुष्य भराभर कमी होतं, जुना आडाखा असा की दर दहा डिग्रीला निम्मं. जे तेल सांगितलंय तेच घाला, सीव्हीटीचं तेल आणि टॉर्क कन्व्हर्टरचं तेल एक नाही, रंग सारखा दिसला म्हणून ओतलं की बेल्ट घसरतो आणि गेला. लेव्हल बघायचीही रीत आहे, गाडी सपाट, इंजिन चालू, तेल ठरावीक तापमानाला, बऱ्याच गाड्यांत चाळीस डिग्रीच्या आसपास, त्यामुळे गरम गाडी जॅकवर घेऊन बोल्ट उघडून 'लेव्हल ओके' म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. जास्त भरलं तरी फेस होऊन तापतंच.

उष्ण दमट हवेचं म्हणाल तर नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरात सुमारे १६ लाख गाड्या सात गिअरच्या डीएसजीसाठी परत बोलावल्या होत्या, आतलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल घालायला. गरम, दमट हवा आणि सतत थांबत चालणारं ट्रॅफिक असलेल्या ठिकाणी त्या सिंथेटिक तेलामुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकतो असं निघालं होतं. म्हणजे आपली हवा आणि आपला हायवे गिअरबॉक्सला जड जातो ही नुसती गॅरेजवाल्यांची बडबड नाही.

आणि गाडी अजिबात हललीच नाही तर दोरी बांधून टोचन करू नका. जीपवाला तयार होतो, पाचशे रुपयांत घाट उतरवून देतो म्हणतो. पण पुढची चाकं फिरतात आणि इंजिन बंद, म्हणजे पंप बंद, बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये आतल्या बेअरिंगला तेल मिळत नाही, जो गिअरबॉक्स फक्त गरम झाला होता तो खरोखर खराब होतो. चारही चाकं वर घेणारी गाडीच बोलवा, उशीर झाला तरी चालेल. कणकवली, सावंतवाडी, रत्नागिरीला मिळतात, नंबर आधी घेऊन ठेवा.

आता तुमचं सर्व्हिस सेंटर. त्यांना भांडू नका, फक्त सांगा स्कॅनरचा प्रिंट द्या. त्यात तीन गोष्टी बघायच्या. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये कोड आहे का आणि तो आत्ता चालू आहे की जुना साठवलेला, कारण एकदा तापल्याचा जुना कोड हा क्लच बदलायचं कारण होत नाही. दोन्ही क्लचच्या टच पॉइंटचे (क्लच कुठे पकडायला लागतो त्याचे) म्हणजे ॲडाप्टेशनचे आकडे, ते कंपनीने दिलेल्या मर्यादेत आहेत की टोकाला गेलेत, टोकाला असतील तर प्लेट खरंच झिजलीय आणि मग त्यांचं बरोबर. आणि क्लच किती वेळा ठरावीक तापमानाच्या वर गेला याची नोंद, ती बऱ्याच कंट्रोलरमध्ये असते. तिथे एकच वेळ दिसली तर तुम्ही फोंड्यातली सांगितलेली गोष्ट जुळते, भरपूर वेळा दिसली तर रोजच्या ठाण्याच्या ट्रॅफिकमध्येही तुम्ही तेच करताय. बाजारात सात आठशेला ब्लूटूथवाला ओबीडी म्हणजे मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर मिळतो, त्यावर बघू नका, गिअरबॉक्सचं तापमान हे कंपनीच्या स्वतःच्या कोडमध्ये असतं, साध्या ॲपमध्ये एक तर दिसत नाही नाहीतर भलताच आकडा दिसतो.

आकडे मर्यादेत असतील तर त्यांना क्लचचं लर्निंग, म्हणजे क्लच कुठे पकडतो ते कंट्रोलरला नव्याने शिकवणं, परत करून द्यायला सांगा, जास्त वेळ लागत नाही. तापल्यानंतर क्लचचा पकडायचा बिंदू थोडा सरकलेला असतो आणि त्यामुळेच सिग्नलवरून निघताना हलकी थरथर राहते, लर्निंगने ती बहुधा जाते. ते करूनही सपाट रस्त्यावर निघताना थरथर आली, किंवा पाचव्या सहाव्यात ओव्हरटेक करताना आरपीएम चढले आणि वेग नाही चढला, तर क्लच सेट बदला, तेव्हा मीही तेच सांगेन. वॉरंटीत नाही म्हणाले तर ते लेखी मागा, आणि मेसेजचा फोटो काढला असेल तर किलोमीटर दिसतील असा जपून ठेवा, कारण पुढे दुसऱ्यांदा सपाटीवर दिवा लागला तर तुमचं म्हणणं मांडायला तोच उपयोगी पडेल.

दिवाळीला येताना कॅरिअर रिकामा असू दे, आणि परत जाताना फोंडा पहाटे चढा, सातच्या आत वर पोचलात तर ट्रकही कमी असतात. तांदळाची पोती एसटीच्या पार्सलने पाठवा, ठाण्याला मिळतात.